मेंढा (लेखा) : सहमतीतून घडलेली माणसे

गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) हे गोंड आदिवासींचे लहानसे गाव. वनहक्क कायद्यान्वये २००९ साली या गावास सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क प्राप्त झाला. २०११ साली बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकारही ग्रामसभेच्या हाती आला. या यशाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यामागील माणसे कशी घडली, याकडे मात्र तितकेसे लक्ष गेलेले नाही.

मेंढ्याच्या ग्रामसभेत मतदान होत नाही. निर्णय सर्वसहमतीनेच व्हावयाचा. एकाचाही विरोध असेल तर विषय पुढील सभेवर जातो. पंचायतीच्या कामकाजाची सवय असलेल्यांना ही रीत वेळखाऊ वाटेल, आणि ती तशी आहेच. (हात वर करून ठराव संमत करण्यास पाच मिनिटे पुरतात, तो अमलात आणण्यास किती वर्षे लागतात, ही गोष्ट निराळी.) मतदानात विरोधकांची संख्या मोजली की काम भागते. येथे विरोधकाचे म्हणणे समजून घ्यावे लागते, आणि ते समजून घेताना पुष्कळदा आपलेच म्हणणे बदलावे लागते. एरवी कोपऱ्यात गप्प बसणाऱ्यालाही आपल्या नकाराचे वजन कळते; मग नकाराचे कारण सांगण्याची जबाबदारीही त्याच्यावर येते. सभाधीट होणे म्हणतात ते याहून वेगळे काय असते?

सभेच्या जोडीला अभ्यासगट असतो. तेथे केवळ चर्चा होते, निर्णय होत नाही. मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारखे बाहेरचे कार्यकर्ते या गटात बसत, माहिती पुरवीत. निर्णय मात्र गावाचाच असे. जंगलाचे कायदे, हिशेब, इतकेच नव्हे तर मधमाश्या न मारता मध कसा काढावा, हेही गावाने असेच अभ्यासिले. देवाजी तोफा यांचे नेतृत्व याच बैठकांतून पुढे आले. शिकविणारा कोण आणि शिकणारा कोण, हे तेथे ठरलेले नसते.

२०१३ साली गावाने १९६४ च्या ग्रामदान कायद्याचा मार्ग स्वीकारला. आपली जमीन ग्रामसभेच्या नावे करावयाची, हा विषय घराघरांतून बोलला गेल्यावाचून सभेपुढे सहमतीस येणे शक्यच नव्हते.