विश्लेषण : रॉड्रीचा गुडघा, ११५ आरोप आणि एका गुणाचे अंतर... प्रीमियर लीगचे २०२४-२५ चे जेतेपद कोणाकडे?

ऑक्टोबर २०२४ मध्ये इंग्लिश प्रीमियर लीगच्या २०२४-२५ मोसमात प्रत्येक संघाचे सात सामने झाले होते, ३१ बाकी होते. अव्वल तीन संघांत अवघ्या एका गुणाचे अंतर होते. मात्र त्या मोसमाची शर्यत मैदानाबरोबरच आणखी दोन ठिकाणी सुरू होती. एक म्हणजे क्लबांच्या उपचार कक्षात आणि दुसरे म्हणजे लेखापालांच्या टेबलावर. गतविजेत्या मँचेस्टर सिटीला या दोन्ही आघाड्यांवर सप्टेंबर महिना जड गेला. आंतरराष्ट्रीय सामन्यांसाठी लीग थांबलेली असताना कोणाचे पारडे जड होते, याचा हा आढावा.

गुणतालिका काय सांगत होती?

लिव्हरपूल १८ गुणांसह पहिल्या स्थानावर होते. मँचेस्टर सिटी आणि आर्सेनल यांचे प्रत्येकी १७ गुण होते. चेल्सी आणि अ‍ॅस्टन व्हिला १४ गुणांवर होते. मँचेस्टर युनायटेड केवळ आठ गुणांसह चौदाव्या स्थानी घसरले होते.

२०२३-२४ मोसमात सिटीने ९१ गुणांसह सलग चौथे विजेतेपद पटकावले. इंग्लंडच्या अव्वल श्रेणी फुटबॉलमध्ये सलग चार वेळा विजेता ठरलेला हा पहिलाच क्लब. आर्सेनल ८९ गुणांसह दुसरे आले होते. म्हणजे ३८ सामन्यांनंतर फरक होता दोन गुणांचा, एका सामन्यातील विजय आणि बरोबरी यांत असतो तेवढा. त्यामुळेच एखादा महत्त्वाचा खेळाडू काही महिने बाहेर बसला, तर जेतेपदाचे गणित बदलू शकते.

रॉड्रीची दुखापत इतकी गंभीर का?

२२ सप्टेंबर २०२४ ला एतिहाद स्टेडियमवर सिटी आणि आर्सेनल आमनेसामने होते. सामना २-२ असा सुटला. जॉन स्टोन्सने भरपाई वेळेत, ९८ व्या मिनिटाला सिटीला बरोबरी साधून दिली. पण त्या दिवसाची खरी बातमी पहिल्या अर्धातासातच घडली होती. सिटीचा मध्यरक्षक रॉड्री गुडघा धरून खाली बसला आणि मैदानाबाहेर गेला. तपासणीत उजव्या गुडघ्याचा ‘एसीएल’ आणि कूर्चा या दोन्हींना इजा झाल्याचे निष्पन्न झाले. शस्त्रक्रिया झाली आणि त्याचा मोसम संपल्यात जमा होता.

एसीएल हा गुडघ्यातील मांडीचे हाड आणि नडगीचे हाड यांना बांधून ठेवणारा अस्थिबंध. धावताना अचानक दिशा बदलली की नडगी पुढे सरकू नये, गुडघा पिळवटू नये, हे तो पाहतो. तो पूर्ण तुटला तर आपोआप जुळत नाही. शरीरातील दुसरीकडचा स्नायुबंध घेऊन तो नव्याने बसवावा लागतो. व्यावसायिक खेळाडूला मैदानावर परतायला साधारण सहा ते नऊ महिने, कधी त्याहून अधिक काळ लागतो.

रॉड्री फार गोल करत नाही. बचावफळीच्या पुढे उभे राहून चेंडू घेणे, खेळाची दिशा बदलणे आणि प्रतिस्पर्ध्याची चढाई मध्यरेषेजवळच रोखणे, हे त्याचे काम. तो नसला की काय होते, हे निकाल सांगतात. २०२३-२४ मोसमात लीगमध्ये सिटीला वुल्व्हज, आर्सेनल आणि अ‍ॅस्टन व्हिला यांनी हरवले. या तिन्ही सामन्यांत रॉड्री नव्हता. फेब्रुवारी २०२३ मधील टॉटनहॅमविरुद्धच्या पराभवानंतर तो खेळलेला लीगचा एकही सामना सिटीने तोवर गमावला नव्हता.

त्याच्या दुखापतीनंतर लीगमध्ये न्यूकॅसलशी १-१ अशी बरोबरी झाली, तर फुलहॅमवर ३-२ असा निसटता विजय मिळाला. रॉड्रीच्या जागी खेळणाऱ्या मातेओ कोवाचिचने फुलहॅमविरुद्ध दोन गोल केले. मात्र प्रतिस्पर्ध्याच्या वेगवान प्रतिहल्ल्यापुढे सिटीचा मध्य उघडा पडतो, हेही त्याच सामन्यात दिसले.

मग सिटीने पर्याय का ठेवला नाही?

प्रशिक्षक पेप गार्डिओला यांना लहान संघ आवडतो. बाकावर बसून नाराज होणारे खेळाडू नकोत, हे त्यांनी अनेकदा बोलून दाखवले आहे. २०२४ च्या उन्हाळ्यात सिटीने हूलियन अल्वारेझला अ‍ॅटलेटिको माद्रिदला ६ कोटी पौंडांहून अधिक रकमेला विकले. २०२३-२४ मोसमात सर्व स्पर्धांत मिळून १९ गोल करणारा हा खेळाडू होता. बदल्यात आघाडीवीर घेतला नाही. सावियो आला आणि इल्काय गुंडोगन बार्सिलोनाहून परतला. गुंडोगनचे कसब वादातीत असले तरी तो ऑक्टोबर २०२४ मध्ये ३४ वर्षांचा होत होता.

ऑस्कर बॉबचा पाय मोसम सुरू होण्याआधीच सरावात मोडला. केव्हिन डी ब्रुएनेही सप्टेंबरमध्ये जायबंदी झाला. तेव्हा संघ तरला होता तो एर्लिंग हालांडच्या जोरावर. त्याने लीगच्या पहिल्या पाच सामन्यांत १० गोल केले. खेळाडू खरेदीची खिडकी थेट १ जानेवारी २०२५ ला उघडणार होती. तोवर आहे त्याच संघावर भागवावे लागणार होते.

आर्सेनल आणि लिव्हरपूल यांची स्थिती कशी होती?

आर्सेनलचा कर्णधार मार्टिन ओडेगार्ड ९ सप्टेंबरला नॉर्वेकडून ऑस्ट्रियाविरुद्ध खेळताना घोट्याला दुखापत करून बसला. नवा मध्यरक्षक मिकेल मेरिनो पहिल्याच सरावात खांदा दुखावून घेता झाला आणि ऑक्टोबरमध्ये पदार्पण करू शकला. त्याच महिन्यात वेम्बलीवर ग्रीसविरुद्ध इंग्लंडकडून खेळताना बुकायो साका लंगडत बाहेर गेला. तरीही आर्सेनलची जमेची बाजू मोठी होती. व्हिला, टॉटनहॅम आणि सिटी या तीन अवघड ठिकाणचे सामने त्यांनी खेळून संपवले होते आणि त्यांतून सात गुण मिळवले होते. चिंता होती ती शिस्तीची. ब्रायटनविरुद्ध डेक्लन राइस आणि सिटीविरुद्ध लिआंड्रो ट्रोसार्ड यांना लाल कार्ड मिळाले. दोन्ही वेळा आघाडी असताना संघाला दहा जणांनिशी खेळावे लागले आणि दोन्ही सामने बरोबरीत सुटले.

लिव्हरपूलने युर्गन क्लॉप यांनी पद सोडल्यानंतर आर्ने स्लॉट यांच्याकडे सूत्रे दिली. हाताशी हवा असलेला बचावात्मक मध्यरक्षक मार्टिन झुबिमेंडी याने येण्यास नकार दिला. त्या मोसमासाठी नवा आलेला एकमेव मोठा खेळाडू फेडेरिको किएसा, तोही सव्वा कोटी पौंडांच्या आत. स्लॉट यांनी संघातीलच रायन ग्रॅव्हनबर्चला त्या जागेवर उभे केले आणि प्रयोग फळला. सात सामन्यांत लिव्हरपूलवर फक्त दोन गोल झाले होते. मात्र तोपर्यंतचे बहुतेक प्रतिस्पर्धी सोपे होते. गोलरक्षक अ‍ॅलिसन क्रिस्टल पॅलेसविरुद्ध मांडीचा स्नायू दुखावल्याने काही आठवडे बाहेर होता. शिवाय मोहम्मद सलाह, व्हर्जिल व्हॅन डाइक आणि ट्रेंट अलेक्झांडर-अरनॉल्ड या तिघांचेही करार जून २०२५ मध्ये संपणार होते.

दुखापतींचे कारण सामन्यांची गर्दी?

२०२४-२५ मध्ये चॅम्पियन्स लीगचे स्वरूप बदलले. प्राथमिक टप्प्यात सहाऐवजी आठ सामने खेळावे लागत आहेत. २०२५ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत ३२ संघांचा क्लब विश्वचषक होता आणि त्यात सिटी व चेल्सी खेळणार होते. गंमत म्हणजे, सामने असेच वाढत राहिले तर खेळाडू संपाच्या मार्गाने जातील, असा इशारा रॉड्रीनेच जायबंदी होण्याच्या काही दिवस आधी दिला होता. एका दुखापतीचे खापर थेट वेळापत्रकावर फोडता येत नाही. पण २०२३-२४ मोसमात सिटीसाठी ५० सामने आणि त्यानंतर स्पेनला युरो जिंकून देणारा हा खेळाडू जवळपास विश्रांतीविना खेळत होता, हेही खरे.

‘पीएसआर’ म्हणजे काय?

संघ तोकडा पडला तर आणखी खेळाडू विकत घ्यावेत, इतके हे सोपे राहिलेले नाही. लीगच्या २०२४-२५ मधील नफा आणि शाश्वतता नियमांनुसार, म्हणजेच ‘पीएसआर’नुसार, क्लबला तीन वर्षांत मिळून जास्तीत जास्त १०.५ कोटी पौंड तोटा करता येत होता. अकादमी, महिला संघ, स्टेडियमची कामे यांवरील खर्च त्यातून वगळला जात होता.

यातील खरी मेख हिशेबाच्या पद्धतीत आहे. समजा, एका क्लबने १० कोटी पौंडांना खेळाडू घेतला आणि पाच वर्षांचा करार केला. तर दरवर्षी खर्च धरला जातो दोन कोटी. तीन वर्षांनी खात्यावर त्याची किंमत उरते चार कोटी. त्याला सहा कोटींना विकले, तर दोन कोटींचा नफा त्याच वर्षी पूर्ण जमा होतो. अकादमीत घडलेल्या खेळाडूची खात्यावरील किंमत शून्य असते. त्यामुळे तो विकला की आलेली सगळी रक्कम नफा!

म्हणूनच घरचेच खेळाडू बाजारात येऊ लागले होते. न्यूकॅसलचे बहुसंख्य भांडवल सौदी अरेबियाच्या सरकारी गुंतवणूक निधीकडे आहे. तरीही ३० जून २०२४ ला आर्थिक वर्ष संपण्याच्या तोंडावर त्यांना अकादमीतील इलियट अँडरसन आणि तरुण यांकुबा मिंतेह यांना विकावे लागले. मालक श्रीमंत असला तरी वही जुळावीच लागते. चेल्सीने आठ-आठ वर्षांचे करार करून वार्षिक खर्च कमी दाखवला. ही पळवाट आता पाच वर्षांच्या मर्यादेने बंद झाली आहे. याच क्लबने आपली दोन हॉटेले मालकांच्याच दुसऱ्या कंपनीला ७.६५ कोटी पौंडांना विकली. मँचेस्टर युनायटेडने २०२३-२४ या वर्षात ११.३२ कोटी पौंडांचा तोटा जाहीर केला असून सुमारे २५० नोकऱ्या कमी करण्याचा निर्णय घेतला होता.

नियम मोडला तर काय होते?

२०२३-२४ मोसमात त्याचे उत्तर मिळाले. एव्हर्टनचे आधी १० गुण कापले गेले. अपिलानंतर ही शिक्षा सहा गुणांवर आली आणि पुढे दुसऱ्या प्रकरणात आणखी दोन गुण गेले. नॉटिंगहॅम फॉरेस्टचे चार गुण कापले गेले. फॉरेस्टने ब्रेनन जॉन्सनला ३० जूनपूर्वी विकले असते तर तोटा कमी दिसला असता. चांगल्या किमतीसाठी ते थांबले आणि टॉटनहॅमने त्याला १ सप्टेंबर २०२३ ला घेतले. आयोगाने हा युक्तिवाद मान्य केला नाही. अव्वल तीन संघांत एका गुणाचे अंतर असताना चार किंवा सहा गुणांचा अर्थ काय, हे वेगळे सांगायला नको.

सिटीवरील ११५ आरोपांचे काय?

लीगने फेब्रुवारी २०२३ मध्ये सिटीवर ११५ आरोप ठेवले. त्यांची सुनावणी १६ सप्टेंबर २०२४ ला स्वतंत्र आयोगापुढे सुरू झाली, म्हणजे रॉड्री जायबंदी झाला त्याच्या आदल्या सोमवारी. २००९-१० पासूनच्या नऊ मोसमांत आर्थिक माहिती अचूक दिली नाही आणि नंतर चौकशीत सहकार्य केले नाही, असा मुख्य आक्षेप आहे. सिटीने सर्व आरोप फेटाळले आहेत. दोष सिद्ध झाल्यास दंडापासून गुणकपातीपर्यंत आणि थेट लीगमधून हकालपट्टीपर्यंत कोणतीही शिक्षा नियमांत बसते. निकाल २०२५ मध्ये अपेक्षित होता.

७ ऑक्टोबर २०२४ ला जाहीर झालेला निवाडा मात्र वेगळ्या प्रकरणातील आहे, त्याची यात गल्लत करू नये. मालकांशी संबंधित कंपन्यांबरोबर होणाऱ्या प्रायोजकत्व करारांवरील निर्बंधांना सिटीने आव्हान दिले होते. या नियमांतील काही भाग बेकायदा असल्याचे लवादाने म्हटले. मात्र अशा नियमांची गरज लवादाने मान्य केली. त्यामुळे दोन्ही बाजूंनी विजयाचा दावा केला.

तेव्हा सिटीकडे पैशांची चणचण नव्हती. २०२२-२३ मध्ये त्यांचे उत्पन्न ७१.२८ कोटी पौंड आणि नफा ८.०४ कोटी पौंड होता. जानेवारीत खेळाडू घेणे त्यांना परवडणार होते. प्रश्न होता तो मोसमाच्या मध्यावर रॉड्रीच्या तोडीचा मध्यरक्षक विकायला कोणता क्लब तयार होईल, हा.

मुंबईशी संबंध काय?

मँचेस्टर सिटीची मालकी असलेल्या सिटी फुटबॉल ग्रुपने २०१९ मध्ये मुंबई सिटी एफसीचा ६५ टक्के हिस्सा घेतला. त्यानंतर मुंबईने दोनदा इंडियन सुपर लीगचा चषक जिंकला. ११५ आरोप मँचेस्टरच्या क्लबवर आहेत, मुंबईचा त्यांच्याशी संबंध नाही.

मग पारडे कोणाचे जड?

सिटीचा अनुभव आणि हालांडची लय पाहता त्यांना शर्यतीतून बाद करणे घाईचे ठरले असते. पण रॉड्रीशिवाय ३१ पैकी बहुतेक सामने काढायचे असतील, तर त्याआधीच्या चार मोसमांच्या तुलनेत सर्वांत मोठी परीक्षा हीच होती. आर्सेनलने अवघड दौरे उरकले होते. ओडेगार्ड लवकर परतला आणि साकाची दुखापत किरकोळ निघाली, तर समतोल त्यांच्याकडे अधिक होता. लिव्हरपूलचा बचाव सर्वांत भक्कम होता, मात्र त्यांची खरी कसोटी तेव्हा सुरू होत होती. २० ऑक्टोबर २०२४ ला चेल्सीविरुद्ध आणि २७ ऑक्टोबरला आर्सेनलविरुद्ध त्यांची गाठ होती. २७ तारखेला ब्रिटनमधील घड्याळे तासभर मागे जाणार असल्याने हा सामना भारतात रात्री १० वाजता सुरू होणार होता. या दोन सामन्यांतून लिव्हरपूल चार गुण घेऊन बाहेर पडले, तर त्यांची आघाडी केवळ सोप्या वेळापत्रकाची देणगी होती, असे म्हणता येणार नव्हते.