गावाने मिळून रडायचे कुठे?

दरवर्षी ३० सप्टेंबरला किल्लारीच्या स्मृतिस्तंभापाशी श्रद्धांजली वाहिली जाते, भाषणे होतात. १९९३ साली अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून गावे झोपली होती. पहाटेच्या भूकंपात दगडमातीच्या जाड भिंती आणि वरची माळवदे अंगावर आली. लातूर-उस्मानाबादकडची सुमारे दहा हजार माणसे गेली. पुढच्या दशकाचा हिशेब आपण मांडतो तो जागतिक बँकेच्या कर्जाचा आणि पक्क्या घरांचा. शोकाचा हिशेब कोणी मांडलाच नाही. मयत झालेल्या घरी चूल पेटत नाही, भाऊबंद पिठलं-भाकरी आणतात, दहाव्याला कीर्तन होते. पण ही रीत शाबूत राहिलेल्या घरांच्या भरवशावर चालते. सास्तूर, मंगरूळसारख्या उद्ध्वस्त गावांत भाकरी आणायची कोणी? जिथे सगळेच सुतकात, तिथे सांत्वनाला येणारा आणि रडणारा एकच असतो. तिथे आधार उरतो तो वारकऱ्यांच्या हरिनाम सप्ताहाचा, लिंगायतांच्या परमरहस्य पारायणाचा. सप्ताहात वीणा सात दिवस खाली टेकत नाही. पहारा बदलला की ती एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते, दोघे एकमेकांच्या पाया पडतात. तुझे कोण गेले, असे कोणी विचारत नाही. नांदेडच्या शीख घरांतही पाठाच्या समाप्तीनंतरची अरदास आणि लंगर हेच काम करतात.

भक्ती माणसाला नशिबावर सोडते, जीव वाचवते ते भूकंपरोधक घर, असा आक्षेप येतो. घराबद्दलचे म्हणणे शंभर टक्के खरे. पण पक्क्या घराने लेकरू गेलेल्या आईचे दुःख फिटत नाही. उलट पुनर्वसनात जमिनीच्या प्रमाणात घरांचे गट पडले, जुन्या गल्ल्या मोडल्या, टाळाला टाळ देणारा शेजार पांगला. दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे: वीणा बहुतेक ठिकाणी अजून पुरुषांच्याच गळ्यात असते आणि गावच्या पंगतीने जात पाळल्याचा इतिहास आहे. हे मान्यच करायला हवे. ते बदलायचे, म्हणून रीतच टाकून द्यायची नाही. २०२० मध्ये कोरोनाच्या साथीत अंत्यविधीला वीस माणसांची मर्यादा आली, कित्येक घरांचा दहावा भजनाविनाच उरकला. ते रडणे अजून बाकी आहे. आणि आता दहाव्याच्या कीर्तनातही अर्धा वेळ पुढाऱ्यांची श्रद्धांजलीपर भाषणे खातात. भजनी मंडळांनो, यंदाच्या सप्ताहात एक रात्र फक्त गेलेल्यांसाठी ठेवा. माईक बंद करा, बायांच्या हाती वीणा द्या आणि गावातल्या प्रत्येक आळीला बोलवा.