धडा पोहोचला, उत्तर कसे येणार?

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, तो काळ तुमच्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. अणदूरसारख्या गावात घरात मोबाइल बहुधा एकच. तो सकाळी वडिलांबरोबर शेतात जाणार आणि दिवेलागणीला परत येणार. घरी राहिलाच, तर रेंज मिळवण्यासाठी गच्चीवर नाहीतर बांधावर जाऊन बसायचे. इकडे शिक्षकांची अडचण निराळीच. कॅमेऱ्याकडे पाहून तासभर बोलायचे, पण समोर एकही चेहरा नाही. वर्गात कपाळावरची आठी पाहून कळते की गाडी कुठे अडली. इथे ते कसे कळावे?

म्हणजे प्रश्न एक नसून दोन आहेत. धडा मुलापर्यंत जायचा, हा पहिला. मुलाकडून शिक्षकाकडे काहीतरी परत यायचे, हा दुसरा.

पहिला प्रश्न आपल्या देशाने पूर्वीच हाताळला होता. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात ‘साइट’ नावाचा प्रयोग झाला. एटीएस-६ या अमेरिकन उपग्रहावरून सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणीचे कार्यक्रम पोहोचवले गेले. सकाळी शाळेतील मुलांसाठी, संध्याकाळी गावकऱ्यांसाठी. मूळ कल्पना विक्रम साराभाईंची. प्रयोगाच्या व्यवस्थापनाची धुरा एकनाथ वसंत चिटणीस यांच्याकडे होती. महाराष्ट्र त्या सहा राज्यांत नव्हता. पण आपल्या जिल्ह्याला लागून असलेला गुलबर्गा, म्हणजे आजचा कलबुर्गी जिल्हा, होता.

उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर आणि त्याचा प्रक्षेपक अवघ्या ८० वॅटचा! तो क्षीण संदेश पकडण्यासाठी खेड्यात ३ मीटर व्यासाची तबकडी उभी करत. ती कशाची होती, ठाऊक आहे? कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या तारेच्या जाळीची. तुम्ही म्हणाल, जाळीतून लहरी निसटून जाणार नाहीत का? हिशेब करून पाहू. लहरींची वारंवारता सेकंदाला ८६ कोटी. प्रकाशाचा वेग, सेकंदाला ३ लाख किलोमीटर, तिने भागला की तरंगलांबी येते सुमारे ३५ सेंटिमीटर. जाळीची भोके त्या मानाने फारच लहान. एवढ्या लांब लहरीला जाळी सलग पत्र्यासारखीच भासते आणि लहर परावर्तित होते. जाळी स्वस्त, हलकी, शिवाय वारा तिच्यातून निघून जातो. मला तर ही जाळी उपग्रहापेक्षाही आवडते.

अशा प्रक्षेपणाचा एक मोठा गुण आहे. ते उन्हासारखे असते. शेजाऱ्याच्या शेतात ऊन पडले म्हणून तुमच्या शेतातले कमी होत नाही. मोबाइलचा मनोरा मात्र पाटाच्या पाण्यासारखा. एकाच वेळी साऱ्यांनी दारे धरली की शेवटच्या वाफ्याला थेंबही जात नाही. सकाळी दहाला सगळ्या इयत्तांचे तास एकदम सुरू झाले की चित्र का अडत असे, त्याचे एक कारण हेच. म्हणून २० जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर सुरू झालेली पहिली ते आठवीसाठीची ‘टिलीमिली’ ही मालिका मला शहाणपणाची वाटली. ज्या घरात दूरचित्रवाणी संच होता, तिथे ती रेंजवाचून दिसत असे.

पण ऊन वरून खाली येते, खालून वर जात नाही. दुसरा प्रश्न तसाच राहतो.

‘साइट’च्या मंडळींना हे उमगले असावे. त्या वर्षात सुमारे ५० हजार प्राथमिक शिक्षकांना विज्ञान शिकवण्याचे प्रशिक्षण मिळाले, ते केवळ पडद्यापुढे बसवून नव्हे. रेडिओ, छापील साहित्य आणि हाताने करायचे प्रयोगही जोडीला होते.

आता परतीच्या वाटेचा हिशेब मांडू. सेकंदाला १० लाख बिट या वेगाने तासभर चित्र पाठवले, तर सुमारे ४५ कोटी बाइट खर्च होतात. साध्या एसएमएसला लागतात फार तर १४० बाइट. म्हणजे एका तासाच्या जागेत ३२ लाख एसएमएस! परत यायचे ते थोडक्यात मावत असेल, तर साधा मोबाइलही पुरे. तोही नसेल तर किराणा दुकानात ठेवलेली चिठ्ठी पुरे.

लंबकाचा प्रयोग घ्या. दोऱ्याला कुलूप बांधून ते खिळ्याला टांगा. खिळ्यापासून कुलपाच्या मध्यापर्यंतची लांबी मोजा आणि २० आंदोलनांना लागणारा वेळ मोजा. शिक्षकांना फक्त हे दोन आकडे कळवायचे. लांबी १०० सेंटिमीटर असेल, तर सुमारे ४० सेकंद यायला हवेत. एखाद्याचे ३८ आले. तो कुठे चुकला? त्याने कुलूप सोडतानाच ‘एक’ म्हटले; ‘शून्य’ म्हणायला हवे होते. त्याची आंदोलने १९च झाली. दुसऱ्या कोणाचे २० सेकंद आले, तर त्याने नुसते जाणे मोजले, येणे धरलेच नाही. न पाहिलेल्या मुलाच्या कपाळावरची आठी त्या आकड्यात दिसते. प्रत्येकाला वेगळी लांबी दिली की एकमेकांचे उतरवून घेण्याची सोयही राहत नाही. अर्थात, ज्याच्याकडून काहीच येत नाही, त्याच्यापुढे ही युक्ती लंगडी पडते. त्याच्या घरी कोणी तरी चालत जायलाच हवे.

आता तुम्ही शिक्षक व्हा. एका मुलाचा निरोप आला आहे : लांबी ६४ सेंटिमीटर, २० आंदोलनांना ३३.६ सेकंद. सूत्राप्रमाणे सुमारे ३२.१ यायला हवेत. दोन शक्यता दिसतात. त्याने चुकून २१ आंदोलने मोजली असतील. किंवा लांबी फक्त गाठीपर्यंत मोजली असेल आणि त्याच्या मोठ्या कुलपाचा मध्य आणखी ६ सेंटिमीटर खाली असेल. दोन्हींत उत्तर जवळजवळ सारखेच येते, करून पाहा. त्याला आणखी एकच प्रयोग करायला सांगता येईल, आणि उत्तरादाखल एकच आकडा परत येईल. कोणता प्रयोग सांगाल?