‘माइतीघर’ (१९६६) : एका नेपाळी प्रेमपटाचे टिकून राहिलेले आकर्षण

काठमांडूमध्ये सिंहदरबार व सर्वोच्च न्यायालय यांच्या परिसरात एक मोठा चौक आहे. मध्यभागी मंडलाकृती बाग असलेला हा चौक ‘माइतीघर मंडला’ या नावाने ओळखला जातो. सभा, निदर्शने, धरणे यांचे हे नेहमीचे स्थान. ८ सप्टेंबर २०२५ रोजी तरुण पिढीचे जे आंदोलन उभे राहिले व ज्याने अवघ्या दोन दिवसांत तेथील सरकार पायउतार केले, त्याची सुरुवातही येथूनच झाली. या चौकाचे नाव मात्र ना राजाचे, ना देवतेचे. ते १९६६ साली प्रदर्शित झालेल्या एका प्रेमपटावरून रूढ झालेले आहे. चित्रपटाचे नाव राजधानीच्या भूगोलात कायमचे शिरावे, ही घटना कोणत्याही देशात विरळच म्हणावी लागेल. त्यामागील कारणांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

नेपाळी भाषेतील पहिला चित्रपट ‘सत्य हरिश्चंद्र’ (१९५१) हा कोलकात्यात निर्माण झाला. प्रत्यक्ष नेपाळमध्ये निर्माण झालेला पहिला चित्रपट म्हणजे हीरासिंह खत्री दिग्दर्शित ‘आमा’ (१९६४). त्याची निर्मिती शासनाच्या प्रसिद्धी विभागाने केली होती. १९६० च्या डिसेंबरमध्ये राजे महेंद्र यांनी निर्वाचित सरकार बरखास्त करून पुढे पंचायत व्यवस्था आणली होती. त्या काळातील शासकीय चित्रपटाकडून राष्ट्रसेवेचा संदेश अपेक्षित असणे स्वाभाविक होते. ‘माइतीघर’ हा त्यानंतरचा, खाजगी क्षेत्राने निर्माण केलेला पहिला नेपाळी चित्रपट होय. बी. एस. थापा यांनी दिग्दर्शित केलेल्या या कृष्णधवल चित्रपटाने राष्ट्राऐवजी एका स्त्रीच्या आयुष्याला केंद्रस्थानी ठेवले. प्रेम, विवाह आणि त्यानंतर तिच्या वाट्याला आलेली परवड असा त्याचा प्रवास आहे. कथानकाची मांडणी तत्कालीन हिंदी भावपटांच्या वळणाची आहे, हे मान्य करावयास हवे. योगायोगांचा आधार, गीतांची पेरणी, अश्रूंची विपुलता हे सारे तेथूनच आले आहे. या चित्रपटाचे मोठेपण कथेच्या नावीन्यात शोधू गेल्यास हाती फारसे लागणार नाही.

नायिकेची भूमिका माला सिन्हा यांनी केली. ‘प्यासा’ (१९५७), ‘धूल का फूल’ (१९५९), ‘गुमराह’ (१९६३) या चित्रपटांनंतर त्या हिंदीतील आघाडीच्या अभिनेत्री ठरल्या होत्या. कोलकात्यात नेपाळी वंशाच्या ख्रिस्ती कुटुंबात त्यांचा जन्म झाला. त्यांनी केलेला हा एकमेव नेपाळी चित्रपट. नायक चिदंबरप्रसाद लोहनी यांच्याशी त्यांचा परिचय याच चित्रपटामुळे झाला आणि त्याची परिणती विवाहात झाली. पडद्यावरील जोडी प्रत्यक्षातही एकत्र आल्याने प्रेक्षकांच्या मनातील चित्रपटाभोवतीचे वलय वाढले असल्यास नवल नाही. परंतु केवळ तेवढ्या कुतूहलावर एखादी कलाकृती सहा दशके तग धरू शकत नाही.

चित्रपटाच्या संगीताचा विचार येथे अपरिहार्य ठरतो. संगीतकार जयदेव यांच्या नावावर ‘हम दोनो’ (१९६१) व ‘मुझे जीने दो’ (१९६३) जमा झाले होते. पुढे ‘रेश्मा और शेरा’, ‘गमन’ आणि ‘अनकही’ या तीन चित्रपटांसाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार लाभला. लोकसंगीताचा गाभा न दुखावता त्यावर शास्त्रीय संस्कार करणे ही त्यांची खासियत. ‘माइतीघर’साठी लता मंगेशकर, आशा भोसले, उषा मंगेशकर, गीता दत्त व मन्ना डे गायले. त्यांच्याच बरोबरीने नारायण गोपाल, प्रेमध्वज प्रधान आणि दार्जिलिंगच्या अरुणा लामा हे नेपाळी गायकही होते. मंगेशकर भगिनींपैकी तिघींचा स्वर एकाच नेपाळी चित्रपटाला लाभावा, ही बाब मराठी अभ्यासकांनीही नोंद घ्यावी अशी आहे. म. वी. वि. शाह या नावाने कविता करणारे राजे महेंद्र यांचाही गीतरचनेत वाटा आहे. लोकशाही संस्था मोडीत काढणाऱ्या राजाने प्रेमगीते लिहावीत आणि ती लोकांनी आपली मानावीत, यातील विसंगती मनोरंजक असली तरी श्रोत्यांना ती कधी खटकलेली दिसत नाही. ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही, अशांच्याही कानावर त्यातील गाणी आहेत.

तथापि, या आकर्षणाचे मूळ शीर्षकातच असावे. ‘माइती’ म्हणजे माहेर. मराठीतील ‘माहेर’ची व्युत्पत्ती सामान्यतः ‘मातृगृह’ अशी दिली जाते. नेपाळी ‘माइती’चे नातेही आईवाचक ‘माई’शीच जोडले जाते. विवाहित नेपाळी स्त्रीच्या बोलण्यात नुसते ‘घर’ म्हणजे सासर. जन्मघराला वेगळा शब्द लागतो. भाद्रपद शुद्ध तृतीयेला, म्हणजे महाराष्ट्रात हरतालिका असते त्याच दिवशी, नेपाळात ‘तीज’ साजरी होते. भाऊ किंवा वडील मुलीला माहेरी आणतात, आदल्या रात्री ‘दर’ नावाचे भोजन होते, आणि उपवासाच्या दिवशी लाल वस्त्रे नेसून स्त्रिया नाचतात, गातात. पतीच्या आयुष्यासाठी व्रत करणाऱ्या याच स्त्रिया तीजच्या गीतांतून सासरच्या जाचाचे गाऱ्हाणे मांडतात. जात्यावरच्या ओवीत भावाची वाट पाहणारी सासुरवाशीण ज्यांना परिचित आहे, त्यांना या मनोवस्थेचे वेगळे स्पष्टीकरण नको.

लिन बेनेट यांनी ‘डेंजरस वाइव्हज अँड सेक्रेड सिस्टर्स’ (१९८३) या ग्रंथात नेपाळमधील उच्चवर्णीय हिंदू स्त्रीचे हे दुहेरी स्थान विशद केले आहे. माहेरी ती ‘चेलीबेटी’ म्हणून पूज्य. सासरी तीच संशयास्पद परकी. स्त्री एकच, उंबरठा बदलताच तिचे मूल्य बदलते. प्रेमविवाह करणाऱ्या नायिकेच्या कथेला ‘माइतीघर’ हे नाव देण्यातील अर्थ या संदर्भात स्पष्ट होतो. प्रियकर लाभला तरी हक्काचे घर कोणते, हा प्रश्न उरतोच. आणि माहेर आठवणीत जितके उजळते, तितका तेथील अधिकार पुसट होतो.

तो अधिकार कायद्यातही पुसटच होता. चित्रपट प्रदर्शित झाला तेव्हा लागू असलेल्या १९६३ च्या मुलुकी ऐनात वडिलोपार्जित संपत्तीत मुलीला मुलाइतका वाटा नव्हता. २००२ च्या अकराव्या दुरुस्तीने तो जन्मतः दिला, परंतु विवाहानंतर तो परत करावा अशी अट ठेवली. म्हणजे माहेर होते ते लग्नापर्यंतच! ही अट २००६ मध्ये गेली आणि २०१५ च्या संविधानाने वडिलोपार्जित संपत्तीत लिंगभेदाविना समान हक्क मान्य केला. त्याच संविधानात नागरिकत्वाबाबतची तफावत मात्र राहिली. परदेशी पुरुषाशी विवाह करणाऱ्या नेपाळी स्त्रीच्या अपत्याला वंशजाचे नव्हे, तर अंगीकृत नागरिकत्व मिळू शकते. परदेशी स्त्रीशी विवाह करणाऱ्या नेपाळी पुरुषाच्या अपत्याला अशी अडचण येत नाही.