जुने गोवे : मांडवीच्या धक्क्यापासून पवित्र टेकडीपर्यंत

आपल्या धर्मग्रामांतून यात्रेच्या गाड्या जुने गोवे येथे नेहमीच जात असतात. भाविक बॉम जेझू बॅसिलिकेत संत फ्रान्सिस झेवियर यांच्या अवशेषांचे दर्शन घेतात, रस्ता ओलांडून से कॅथेड्रल पाहतात आणि तासाभरात गाडी समुद्रकिनाऱ्याकडे वळते. दर्शन घडते, गाव मात्र पाहायचे राहून जाते. एके काळी पोर्तुगिजांच्या पूर्वेकडील साम्राज्याची राजधानी असलेले हे नगर आज तिसवाडी तालुक्यातील एक लहानसे गाव आहे. ते असे का झाले, हे तेथील वास्तूच सांगतात. त्यासाठी मार्गदर्शकाची गरज नाही. सकाळचे तीन-चार तास, पायांत साधी चप्पल आणि जवळ पिण्याचे पाणी एवढे पुरे.

फेरीचा आरंभ बॅसिलिकेपासून न करता मांडवी नदीच्या धक्क्यावरून करावा, कारण हे नगर नदीतून येणाऱ्यासाठी रचलेले होते. दिवाडी बेटाला जाणारी फेरीबोट आजही येथूनच सुटते. धक्क्याकडून गावात शिरताच व्हाइसरॉयची कमान लागते. वास्को द गामाचा पणतू फ्रान्सिस्को द गामा हा व्हाइसरॉय असताना, सोळाव्या शतकाच्या अखेरीस ती उभारली गेली. नदीच्या बाजूला वास्कोचा पुतळा आहे. ही कमान १९५३ मध्ये कोसळली आणि पुढच्याच वर्षी पुन्हा बांधण्यात आली, म्हणजे आपण पाहतो ती बरीचशी पुनर्रचना आहे.

कमानीतून पुढे जाताच डावीकडे संत काजेतान चर्चचा घुमट दिसतो. इटलीहून आलेल्या थिएटाईन संघाच्या धर्मगुरूंनी सतराव्या शतकात रोममधील संत पेत्राच्या महामंदिराचा आदर्श समोर ठेवून ते बांधले. याच आवारात काळ्या दगडाची एक एकाकी चौकट उभी आहे. आदिलशाही राजवाड्याच्या प्रवेशद्वाराचा तो अवशेष मानला जातो. बहुतेक यात्रेकरू तिच्यासमोरून न पाहता जातात. पोर्तुगिजांपूर्वीही येथे नगर होते, याची साक्ष देणारी ती चौकट आहे.

तेथून पश्चिमेला से कॅथेड्रल. २५ नोव्हेंबर १५१० रोजी, संत कॅथरिनच्या सणादिवशी, आफोन्सो द आल्बुकर्कने गोवा जिंकले, म्हणून हे मंदिर तिला वाहिलेले आहे. बांधकाम १५६२ मध्ये सुरू झाले आणि मुख्य इमारत १६१९ मध्ये पूर्ण झाली. दर्शनी भाग एका बाजूला रिकामा वाटतो, कारण दोन मनोऱ्यांपैकी एक १७७६ मध्ये पडला. उरलेल्या मनोऱ्यात ‘सुवर्णघंटा’ म्हणून प्रसिद्ध असलेली घंटा आहे. कॅथेड्रलसमोरील चौकात एके काळी इन्क्विझिशनचा वाडा होता. १५६० मध्ये स्थापन झालेले ते न्यायासन १८१२ मध्ये कायमचे बंद झाले. वाड्याची भिंतही आज उरलेली नाही. तरीही तेथे क्षणभर थांबावे, असे मला वाटते. जे आपल्या इतिहासात अभिमानास्पद आहे तेवढेच पाहायचे असेल, तर पायी फिरण्याचे कष्ट कशाला घ्यायचे?

कॅथेड्रलच्या मागे असिसीच्या संत फ्रान्सिसचे चर्च आहे. सध्याची वास्तू १६६१ ची. परंतु प्रवेशद्वार आधीच्या चर्चचे, काळ्या दगडातील नक्षीचे, तसेच जपून बसवलेले. जमिनीत मृतांच्या कोरीव शिळा आहेत. त्यांवरून हलक्या पावलांनी चालावे. शेजारच्या मठात पुरातत्त्व खात्याचे संग्रहालय आहे. पश्चिमेला संत कॅथरिनचे छोटे चॅपल दोन मिनिटांत पाहून होते.

आता रस्ता ओलांडून बॉम जेझू. येथे दर्शनापूर्वी काही वेळ बाहेर उभे राहून दर्शनी भाग न्याहाळावा. भिंती तांबूस जांभ्याच्या आहेत. खांब आणि कोरीवकाम मात्र काळ्या दगडात आहे. हा काळा दगड वसईहून आणलेला आहे! सुमारे ४०० वर्षांपूर्वी आपल्या भागातील पाषाण समुद्रमार्गे येथे आला आणि येशू संघाच्या या मंदिराचा दर्शनी अलंकार बनला. १५९४ मध्ये पायाभरणी झाली, १६०५ मध्ये अभिषेक झाला. आतील संगमरवरी समाधी तस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोझिमो याने पाठवली. फ्लोरेन्सचा शिल्पकार फोजिनी याने घडवलेली ही समाधी १६९८ मध्ये बसवण्यात आली.

परंतु जांभ्याच्या त्या उघड्या भिंतींविषयी थोडे अधिक सांगायला हवे. जांभा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, हवेत टणक होतो. पण तो सच्छिद्र असून पाणी शोषतो. म्हणूनच कोकण-गोव्यातील जुने गवंडी त्यावर चुन्याचा गिलावा देत आणि तो वेळोवेळी नवा करत. बॅसिलिकेचा गिलावा १९५० च्या दशकात, दगड अधिक प्राचीन दिसावा या कल्पनेने, काढून टाकण्यात आला. तेव्हापासून प्रत्येक पावसाळा थेट दगडावर बरसतो आहे आणि दगड झिजत आहे. गिलावा पुन्हा द्यावा, अशी मागणी अलीकडे चर्चमधूनच झाली. हे तांबूस रूपच लोकांच्या ओळखीचे झाले आहे, असे दुसऱ्या बाजूचे म्हणणे. माझा कौल गिलाव्याला. शेजारची से आणि संत फ्रान्सिस ही चर्चेस आजही पांढरी आहेत. त्या पांढऱ्या रंगाखालीही जांभाच आहे.

छप्पर आणि गिलावा गेला की काय होते, हे पाहण्यासाठी पश्चिमेकडील चढाने पवित्र टेकडीवर जावे. वाटेत संत मोनिकाचा मठ लागतो. तेथील ख्रिस्ती कला संग्रहालयासाठी वेगळा वेळ काढावा. पुढे संत ऑगस्टिनच्या चर्चचे भग्नावशेष आहेत. १६०२ मध्ये पूर्ण झालेल्या या चर्चचा मनोरा सुमारे ४६ मीटर उंच होता. रोगराईने राजधानी आधीच ओस पडू लागली होती, राज्यकर्ते पणजीकडे सरकले होते. १८३५ मध्ये पोर्तुगीज सरकारने धर्मसंघ बरखास्त केल्यावर मठ रिकामा झाला आणि केवळ सात वर्षांत, १८४२ मध्ये, चर्चचे छत कोसळले. १९३१ मध्ये दर्शनी भाग आणि मनोऱ्याचा अर्धा भाग पडला. वसई किल्ल्यातील छप्पर नसलेली मंदिरे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना येथे वेगळे काही समजावून सांगावे लागणार नाही.

याच ढिगाऱ्यात २००५ मध्ये जॉर्जियाची राणी संत केतेवान हिच्या अस्थी सापडल्या. श्रद्धेसाठी १६२४ मध्ये इराणमधील शिराझ येथे तिला मरण आले आणि ऑगस्टिनियन संन्याशांनी तिचे काही अवशेष गोव्यात आणले. हैदराबादच्या प्रयोगशाळेत डीएनए तपासणी झाल्यावर २०२१ मध्ये भारताने ते जॉर्जियाला दिले.

टेकडीच्या टोकाला सोळाव्या शतकाच्या मध्यातील रोझरी मातेचे साधे चर्च आहे. तेथून मांडवीचे पात्र व आपण निघालो तो काठ दिसतो. परतीच्या वाटेवर पणजीत थांबणार असाल, तर मेरी इमॅक्युलेट चर्चच्या कमानीतली मोठी घंटा जरूर पाहावी. ती संत ऑगस्टिनच्या मनोऱ्यातील आहे. १८७१ मध्ये ती तेथे बसवण्यात आली.