स्मृतिवाटपातील अपयश व अपवाद

स्मृतिवाटपातील अपयश व अपवाद : संगणकावर चालू असलेल्या आज्ञावलीने मागितलेली स्मृती काही प्रसंगी उपलब्ध होत नाही. अशा घटनेची दखल कामाच्या नेहमीच्या ओघापासून अलग ठेवून घेण्याचे एक साधन म्हणजे अपवाद किंवा एक्सेप्शन होय. किती माहिती येणार हे आधी ठाऊक नसल्यास आज्ञावली गरजेप्रमाणे स्मृती मागते. म्हणून हा प्रश्न उद्‌भवतो.

सी या भाषेत मॅलॉक हे फलन मागणी पुरी न झाल्यास शून्य दर्शक परत करते. हे उत्तर दर वेळी तपासणे आज्ञावलीकाराकडे असते. एका ठिकाणी तपासणी राहिली, की दोष तेथे न दिसता पुढे भलत्याच जागी प्रकट होतो. सी++ भाषेच्या १९९८ च्या मानकानुसार ‘न्यू’ ही क्रिया असफल झाल्यास बॅड ॲलॉक हा अपवाद फेकला जातो. नियंत्रण हाताळणाऱ्या भागापर्यंत मागे जाते आणि वाटेत सुटणाऱ्या फलनांतील स्थानिक वस्तूंची विनाशक फलने आपोआप चालतात. असा भाग कोठेच नसेल, तर आज्ञावली बंद पडते. शून्य दर्शक देणारा ‘न्यू’ चा प्रकारही मानकात आहे.

तथापि खरी अडचण अर्धवट राहिलेल्या कामाची असते. समजा, बारामती वा इंदापूर तालुक्यातील एखाद्या साखर कारखान्याच्या काट्यावर उसाचे वजन नोंदले गेले आणि ते शेतकऱ्याच्या खात्यात जमा करताना स्मृती अपुरी पडली. काट्याची नोंद व खाते यांचा मेळ बसणार नाही आणि उसाचे बिल चुकेल. यासाठी सर्व बदल प्रथम स्वतंत्र प्रतीवर पुरे करतात व शेवटी, जीत स्मृती लागत नाही अशा अदलाबदलीने, ती प्रत मूळ जागी आणतात. काम पूर्ण तरी होते, नाहीतर मुळीच झालेले नसते. यास सबळ हमी म्हणतात. मूलभूत हमीत रचना सुसंगत राहते, मात्र मूल्ये बदललेली असू शकतात. बिलाच्या कामी ती पुरेशी नाही.

अपवाद निर्माण करण्यासही स्मृती लागते, त्यामुळे जीसीसीसारख्या संकलकांची प्रणाली थोडा साठा आधीच राखून ठेवते. हाताळणाऱ्या भागात लांबलचक संदेश रचण्याचा मोह म्हणूनच टाळावा लागतो.

लिनक्समध्ये आणखी एक गुंतागुंत आहे. १८८५ मध्ये सुरू झालेला नीरा डावा कालवा बारामती तालुक्यातून पुढे इंदापूर तालुक्यात जातो. पाणी-अर्ज मंजूर झाला, तरी टंचाईच्या आवर्तनात टेलच्या चारीला पाणी पोहोचेलच असे नाही. लिनक्सची नेहमीची मांडणीही उपलब्धतेपेक्षा अधिक मागण्या मंजूर करू शकते. प्रत्यक्ष स्मृती त्या जागेला प्रथम हात लागतो तेव्हाच दिली जाते. त्या वेळी ती शिल्लक नसेल, तर प्रणाली एखादी प्रक्रिया निवडून ठार करते. बॅड ॲलॉक फेकलाच जात नाही आणि तो पकडण्याची सारी तयारी वाया जाते. अशा यंत्रावर प्रत्येक किरकोळ मागणीभोवती पहारा ठेवण्यात फारसा अर्थ नाही. एखादी मोठी धारिका उघडण्यासारख्या, नाकारता येण्याजोग्या कामाच्या सीमेवर अपवाद पकडणे मात्र उपयुक्त ठरते. प्रशासकास लिनक्सचे हे धोरण बदलून जादा मंजुरी बंदही करता येते. मग नकार मागणीच्या वेळीच मिळतो.