सावली, पाणी आणि सवड

"मूल आजारी पडले तेव्हा आई कुठे होती?" हा प्रश्न आमच्या घराला दोनदा विचारला गेला आहे. पहिल्यांदा कुरखेड्यात, माझ्या आईला. दुसऱ्यांदा नागपुरात, मला. दोन्ही वेळा महिना मे होता, आणि विचारणारा माणूस दोन्ही वेळा वाईट नव्हता. या दोन प्रश्नांमध्ये पंचवीसहून अधिक वर्षे गेली. या काळात आमचे घर जंगलाच्या काठावरून शहरात आले. आईच्या अंगठ्याच्या जागी माझी सही आली. कवेलूंच्या जागी डोक्यावर स्लॅब आला. प्रश्न मात्र जागचा हलला नाही. तो का हलला नाही, हे समजून घेण्याचा प्रयत्न मी येथे करीत आहे.

आधी कुरखेड्याचे सांगते. सती नदीच्या काठचे हे तालुक्याचे गाव. १९८२ साली चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन झाले आणि ते नव्या गडचिरोली जिल्ह्यात आले. रेल्वे वडशापर्यंत, पुढे एस. टी. आमच्याकडे उन्हाळा म्हणजे सुट्टी नव्हे, हंगाम. आधी मोहफुले आणि मग तेंदूपत्ता. पहाटे अंधारात घर सोडायचे, ऊन चढेपर्यंत पत्ता तोडायचा, भारा डोक्यावर घेऊन परत यायचे. दुपारभर घरातल्या सर्वांनी बसून पुडे बांधायचे आणि संध्याकाळी ते फळीवर नेऊन मोजून द्यायचे. एका पुड्यात ७० पाने. असे १००० पुडे झाले की एक प्रमाण गोणी होते, म्हणजे ७०,००० पाने. सत्तरपर्यंतची उजळणी मी शाळेत शिकले नाही, पत्त्यावर शिकले.

मी सहा वर्षांची होते आणि धाकटा भाऊ आठ महिन्यांचा. आईने त्याला लुगड्याच्या झोळीत घालून झाडाच्या फांदीला टांगले आणि मला राखणीला बसवले. मी टेंभरे वेचायला थोडी दूर गेले. परत आले तेव्हा झोळीवर ऊन होते आणि भाऊ रडायचाही थांबला होता. दवाखान्यात आईला प्रश्न विचारला गेला. आईने उत्तर दिले, "सावली पाहूनच ठेवलं होतं जी लेकराले. सावली सरकली." भाऊ वाचला. आईची दोन दिवसांची मजुरी बुडाली, आणि माझ्या वाट्याला एक अपराध आला. तो मी अनेक वर्षे कोणाला सांगितला नाही.

आता नागपूर. उत्तर नागपुरातल्या एका वस्तीत पहिल्या मजल्यावर आमची भाड्याची एक खोली आणि स्वयंपाकापुरती जागा आहे. माझे पती कूलर आणि पंखे दुरुस्त करतात. एप्रिल-मे हा त्यांच्या कमाईचा काळ, म्हणून याच काळात ते दिवसा घरी नसतात. मी एका विनाअनुदानित शाळेत शिकवते. सुट्टीचा पगार मिळत नाही, म्हणून सुट्टीत शिकवण्या घेते. मुलगी आठ वर्षांची आहे, मुलगा दोन वर्षांचा. गेल्या उन्हाळ्यात एके दुपारी मुलीला "आतून कडी लाव, कोणाला दार उघडू नको" असे बजावून मी कामावर गेले. वीज गेली, कूलर थांबला. मुलीने माझे ऐकले. तिने दारही उघडले नाही आणि खिडकीही उघडली नाही. खाली राहणाऱ्या आजींना मुलाचा आवाज बराच वेळ आला नाही, म्हणून त्या वर आल्या आणि त्यांनी दार वाजवले. "उघड वं बाई, मी आजी आहो." त्यांनी मुलाला खालच्या थंड खोलीत नेले, ओल्या फडक्याने अंग पुसले, चमच्या-चमच्याने साखर-मिठाचे पाणी पाजले. संध्याकाळी सलाईन लागले. तेथे मला तोच प्रश्न विचारला गेला. मी काही बोलू शकले नाही. मुलगी मात्र कोपऱ्यात उभी राहून हळूच म्हणाली, "मी होते ना."

तिच्या या तीन शब्दांत मला माझी सहा वर्षांची मी दिसली. म्हणूनच हा लेख लिहिणे मला आवश्यक वाटले.

उन्हाळा निसर्गाने केला आहे, तो सर्वांना सारखाच, असे आपण समजतो. हे अर्धेच खरे आहे. नागपूरच्या हवामान खात्याने २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश तापमान नोंदवले. त्या दिवशी ते तापमान सर्वांसाठी एकच होते. ते कोणाच्या अंगापर्यंत किती पोहोचले, हे मात्र एक नव्हते. मुलाच्या अंगापर्यंत ऊन किती पोहोचेल हे तीन गोष्टी ठरवतात : सावली, पाणी आणि जवळ असलेल्या मोठ्या माणसाची सवड. या तिन्ही गोष्टी निसर्ग वाटत नाही. त्या समाज वाटतो.

सावलीचे पाहू. पत्रा लवकर तापतो, पण ऊन उतरले की लवकर निवतो. स्लॅबचे तसे नाही. तो दिवसभर उष्णता आत घेत राहतो आणि दुपारची ती उष्णता संध्याकाळपासून मध्यरात्रीपर्यंत खाली खोलीत सोडत राहतो. म्हणून बाहेर वारा गार झाला तरी आमच्या खोलीत मुले रात्री एक वाजता कुशी बदलत असतात. दिवसा तापलेल्या शरीराला रात्री निवायला मिळाले नाही तर दुसऱ्या दिवशीचे ऊन अधिक लागते. ज्यांच्या डोक्यावर आणखी एक मजला आहे, अंगणात झाड आहे, त्यांच्याकडे हे घडत नाही. गच्चीला चुन्याचा पांढरा हात दिला तर ऊन बरेचसे परावर्तित होते. उपाय स्वस्त आहे, पण गच्ची घरमालकाची असते. कूलरचेही असेच. तो पाण्याच्या बाष्पीभवनाने हवा गार करतो, म्हणून त्याला कोरडी हवा लागते आणि आत आलेली हवा बाहेर जायला वाट लागते. बंद खोलीत तो थोड्याच वेळात नुसती दमट हवा फिरवत राहतो. एकच खिडकी असलेल्या खोलीत कूलर त्या खिडकीत बसला की हवेला बाहेरची वाट उरत नाही.

दुसरी गोष्ट पाणी. लहान मूल म्हणजे लहान आकाराचा मोठा माणूस नव्हे. वजनाच्या मानाने त्याच्या त्वचेचे क्षेत्रफळ मोठे असते, त्यामुळे गरम हवेतली उष्णता त्याच्या अंगात लवकर शिरते. त्याला घाम कमी येतो आणि तहान लागली तर मागता येत नाही. हवा अंगापेक्षा गरम झाली की नुसता पंखा गरम वाराच अंगावर ढकलतो. ओल्या फडक्याने अंग पुसून पंखा लावला तर उपयोग होतो. तोंड कोरडे पडणे, रडताना डोळ्यांत पाणी नसणे, पाच-सहा तास लघवी न होणे, डोळे खोल जाणे, मूल मलूल होणे, ही धोक्याची चिन्हे आहेत. एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे प्रमाण प्रत्येक घरातल्या भिंतीवर लिहिलेले असावे. सहा महिन्यांच्या आतील बाळाला वरचे पाणी नको, आईचे दूध वारंवार द्यावे. अंग चटके बसण्याइतके तापले, मूल शुद्धीवर नसले किंवा झटके आले तर तोंडात पाणी न घालता, अंग ओले करीत, ताबडतोब दवाखाना गाठावा.

पाण्याचा हा प्रश्न आपल्याला नवा नाही. बाबासाहेबांनी २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, तेव्हा उन्हाळा लागला होता. माझ्या आईच्या लहानपणी विहिरीवर कोणी ओतून देईल तेव्हा घागर भरत असे. आज नागपुरात माझ्या खोलीत नळ आहे, आणि त्यासाठी मी त्या लढ्याची ऋणी आहे. पण आईच्या अंगणात कडूनिंब होता, बांबू आणि फांद्यांचा मांडव होता. गावाकडे सावली होती, पाणी हक्काचे नव्हते. शहरात पाणी आले, सावली गेली. आणि सवड? ती दोन्हीकडे नाही.

सवड ही तिसरी आणि सर्वांत दुर्लक्षित गोष्ट आहे. पाठ्यपुस्तकातली सुट्टी आंब्याची, मामाच्या वाड्याची, आजीच्या गोष्टींची असते. त्या सुट्टीत घरात कोणीतरी मोठे माणूस रिकामे आहे हे गृहीत धरलेले असते. ज्या घरात दोघेही रोजच्या कमाईवर आहेत तेथे शाळा बंद होणे म्हणजे काय? शाळेत छप्पर होते, पाणी होते, खिचडी होती आणि लक्ष ठेवणाऱ्या बाई होत्या. एप्रिलच्या अखेरीस हे सारे एकदम बंद होते. विदर्भातील शाळा तर उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटाकडे उघडतात. मुलांना उन्हापासून वाचवण्यासाठी दिलेली सुट्टी काही मुलांना उन्हाच्या हवाली करते. आणि मोठ्यांची ही न मिळणारी सवड कोण भरून काढते? घरातली मुलगी. जंगलात मी भरून काढली, स्लॅबखाली माझ्या मुलीने. तिचे बालपण खर्ची पडते, आणि चूक झाली तर अपराधही तिच्याच वाट्याला येतो.

आईची सवड हा सार्वजनिक प्रश्न आहे, हे बाबासाहेबांनी फार पूर्वी ओळखले होते. १९२८ साली मुंबई विधिमंडळात कामगार स्त्रियांच्या बाळंतपणाच्या लाभाचे विधेयक आले, तेव्हा अशी विश्रांती देणे राष्ट्राच्या हिताचे आहे, अशी बाजू त्यांनी मांडली. १९२९ साली तो कायदा झाला. पुढे १९६६ च्या विडी कामगार कायद्याने पन्नासहून अधिक स्त्रिया असलेल्या विडी कारखान्यात मुलांसाठी खोली ठेवणे सक्तीचे केले. मात्र विड्या वळण्याचे काम मोठ्या प्रमाणात बायांच्या घरीच होत राहिले. घर म्हणजे कारखाना नव्हे, म्हणून तेथे पाळणाघर नाही. म्हणजे पाहा, पान तोडणाऱ्या आईचे मूल झाडाखाली आणि तेच पान वळणाऱ्या आईचे मूल सुपाशेजारी! २००५ च्या रोजगार हमीच्या केंद्रीय कायद्यात तर कामावर सहा वर्षांखालील पाच मुले आली की एका स्त्रीला मजुरी देऊन त्यांच्यापाशी बसवावे, मुलांसाठी सावली आणि पिण्याचे पाणी ठेवावे, असे लिहिले होते. सावली, पाणी आणि सवड या तिन्ही गोष्टी कायद्याच्या एकाच पानावर आल्या होत्या. पण कागदावरची सावली मुलावर पडत नाही. २००६ च्या वनहक्क कायद्यानंतर आणि २०१४ च्या पेसा नियमांनंतर गडचिरोली जिल्ह्यातील अनेक ग्रामसभा तेंदूपत्त्याची विक्री स्वतः करू लागल्या. ही मोठीच गोष्ट आहे. पण पान विकण्याचा हक्क मिळाला म्हणून झोळीवरचे ऊन आपोआप हटत नाही. त्यासाठी त्याच ग्रामसभेत झोळीचा विषय निघावा लागतो.

सरकारकडे मागणी केलीच पाहिजे. २०१० च्या मे महिन्यातील लाटेत अनेक माणसे दगावल्यानंतर अहमदाबाद शहराने २०१३ साली उष्णतेशी सामना करण्याची योजना आखली. म्हणजे ठरवले तर नगरपालिका काम करू शकते. पण मला प्रश्न आपल्यालाही विचारायचा आहे. १४ एप्रिलला आपल्या वस्त्यांत चौकाचौकांत पाणपोया लागतात, सरबत वाटले जाते, मांडव उभे राहतात. त्या एका दिवशी आपल्या मुलांना सावली, पाणी आणि मोठ्या माणसांची सवड हे तिन्ही मिळते. दोन-तीन दिवसांनी मांडव उतरतो, आणि खरे ऊन तर त्यानंतर सुरू होते. विहार आणि समाजमंदिर सकाळ-संध्याकाळ वंदनेपुरते उघडतात. दुपारी बारा ते पाच त्यांना कुलूप असते. वस्तीतली सर्वांत उंच छताची, सर्वांत गार जागा नेमकी त्याच तासांना बंद!

माझी सूचना लहान आहे. पुढच्या १५ एप्रिलपासून शाळा उघडेपर्यंत विहाराचे कुलूप दुपारी काढावे. आत दोन माठ, एक कूलर, पुस्तकांची एक पेटी आणि साखर-मिठाचा डबा ठेवावा. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी दोन-दोन तास वाटून घ्यावेत. शिक्षकांनी गोष्टी सांगाव्यात. कार्यकर्त्यांनी गच्चीला चुना लावून घ्यावा. आणि लहानग्यांना सांभाळायला जी बाई बसेल तिला वर्गणीतून मजुरी द्यावी. ही अट मी मुद्दाम घालते. सेवेच्या नावाखाली पुन्हा एका बाईची सवड फुकट घ्यायची असेल तर आपण काहीच बदलले नाही.

आमच्या वस्तीत हे बोलले तेव्हा खालच्या आजी लगेच म्हणाल्या, "किल्ली माह्यापाशी ठेवजा." समितीने अजून किल्ली दिलेली नाही, बैठक व्हायची आहे. मुलगी रोज विचारते, विहार कधी उघडणार. तिच्या प्रश्नात तक्रार नाही, पण मला त्यातून दुसरा प्रश्न ऐकू येतो : सावली सरकली तेव्हा सारी वस्ती कुठे होती?